चाळीपुढची सरळ सडक

सोमवार, ता. ८ जानेवारी १८९४

आलो एकदाचे मुंबईत! भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरताना तुळसाला शेवटची ओकारी झाली, आणि तोंड पुसून ती एकदम हसायलाच लागली. म्हणाली, जमीन अजून हलतेय. मी म्हटलं, मुंबईची जमीन आहे ती, तिलाही कामावर जायची घाई असणार. ह्या विनोदावर ती काही हसली नाही, मीच हसलो.

नवं गाव, नवी वही, म्हणून पहिल्या पानावर आपली ओळख लिहून ठेवतो. मी गुणाजी. सावंतवाडीच्या पागेत लहानाचा मोठा झालो आणि आंबोलीच्या घाटात बग्गी हाकायला शिकलो. पागेतले कारकून म्हणायचे, घोडा आणि रोजनिशी एक दिवस सोडली की दोन्ही अंगावर येतात. त्यांनीच लिहायची सवय लावली. गिरगावातल्या डॉक्टर अण्णासाहेबांना गाडीवान हवा होता, तो मी. घर आणि दवाखाना गिरगावात, पण दादरलाही त्यांनी दुसरा दवाखाना काढलाय. सकाळी तिकडे न्यायचं, दुपारी परत आणायचं, संध्याकाळी गावातल्या गावात रोग्यांकडे. आधीचा गाडीवान दौलत, त्याला काढून टाकला. फार हळू हाकायचा म्हणे. अण्णासाहेबांनी माझं नाव विचारायच्या आधी दादरला किती लवकर पोचवशील ते विचारलं. मी म्हटलं, साहेब, बसा तर खरं.

खोली लालबागला मिळाली, पहिल्या मजल्यावर. चाळ नवी, चुन्याचा वास अजून गेलेला नाही. पुढे गॅलरी, तिच्याखालून नवी सडक. जिना मात्र मागच्या अंगाला, जुन्या वाटेवर उतरतो. तुळसाला दिवस गेलेत, सातवा लागेल आता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई नाही आणि भावजयीचं तोंड तिखट, म्हणून बरोबरच घेऊन आलो. इथं तिला माझ्याशिवाय आणि मला तिच्याशिवाय कुणी नाही. दोघांचे तिघे होईपर्यंत तिला जपायचं, मग मुंबई आपलीच.

गुरुवार, ता. ११ जानेवारी

घोडीचं नाव मी सुरंगी ठेवलं. आधीचं नाव इंग्रजी होतं, ते तिला आणि मला दोघांनाही नीट घेता येईना. तांबूस अंगाची, कान सदा टवकारलेले, आणि स्वभाव माझ्यासारखा, म्हणजे पुढे कुणी गेलेलं खपत नाही.

दादरला जायला दोन रस्ते आहेत. चिंचपोकळीच्या पुढे ते फुटतात. जुनी वाट वळत वळत जाते. तळ्याला वळसा, देवळाला वळसा, मोगऱ्याच्या वाडीला वळसा, कुणाच्या तरी विहिरीला वळसा. आज रिकामी बग्गी घेऊन तिकडून जाऊन आलो. देखणी आहे हो! माडाच्या सावल्या, खाडीचा वारा, कुंपणावर वाळत घातलेली लुगडी, मध्येच गिरणीचं धुराडं डोकं वर काढतं आणि वळण घेतलं की लपतं. पण घोड्याचं आणि गाडीवानाचं निम्मं आयुष्य तिथंच जायचं. नवी सडक म्हणजे सुतानं आखलेली रेघ. खाजणात भर घालून, मधे येईल ते हटवून नीट नाकासमोर काढली आहे. चिंचपोकळीहूनच दादरचे माड दिसतात. मी अण्णासाहेबांना म्हटलं, काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला? ते खूष झाले. म्हणाले, दौलतला एवढंच कळत नव्हतं.

सडकेवर बघण्यासारखं फार नाही. आधी एक मोठी चिंच, तिच्याखाली गंगुबाई कोळीण टोपली घेऊन बसते. मग जनावरांसाठी दगडी हौद. मग आमची चाळ. मग वीटभट्टी. मग दादर. संपलं.

सोमवार, ता. १५ जानेवारी

आमची एक गंमत ठरली आहे. चाळीच्या अलीकडे आलो की मी पायाखालची घंटा जोरात वाजवतो आणि तुळसा गॅलरीत येऊन उभी राहते. हात हलवत नाही, चारचौघांत कशी हलवील! नुसता पदर सारखा करते. तेवढ्यानं माझा दिवस जातो. पाठीमागे अण्णासाहेब वर्तमानपत्रात बुडालेले असतात, त्यांना कशाचा पत्ता नसतो.

गिरगावच्या अड्ड्यावर दौलत भेटला. आता भाड्याची व्हिक्टोरिया हाकतो. माझ्यावर राग धरून असेल वाटलं होतं, पण माणूस गोड आहे. त्यानं एक रीत सांगितली. जुन्या वाटेवर प्रत्येक वळणाला गाडी थांबवायची, घोड्याच्या तोबऱ्यातली मूठभर चंदीचे दाणे खाली टाकायचे, मग वळायचं. वळणाचा घास म्हणतात त्याला. त्या त्या जागेच्या राखणदाराचा मान. म्हणून तो हळू! मी विचारलं, मग नव्या सडकेवर कुठं टाकायचा, वळणच नाही. तो म्हणाला, म्हणूनच तर मी तिकडून जात नाही. मी हसलो. आमच्याकडेही राखणदाराला नारळ देतात, पण गावाच्या वेशीवर, आणि वर्षातून एकदा. इथले राखणदार भलतेच खादाड दिसतात.

शुक्रवार, ता. २६ जानेवारी

सुरंगीनं कमाल केली. पहिल्या दिवशी दादर येईपर्यंत अण्णासाहेबांचं वर्तमानपत्र वाचून घडी घालून व्हायचं. गेल्या आठवड्यात शेवटचं पान राहायला लागलं. आज निम्मंही झालं नव्हतं आणि दवाखान्याचं फाटक आलं. घोडीच्या अंगावर घाम नाही, धाप नाही. अण्णासाहेबांनी पाठ थोपटली. शिमग्यानंतर पगार वाढवतो आणि कायमचा ठेवतो म्हणाले. घोडामैदान जवळच आहे!

तुळसाला सांगितलं तर तिनं नाक मुरडलं. म्हणते, घंटा ऐकून मी उठेपर्यंत तुमची पाठच दिसते. जरा हळू जा ना घरासमोरून. तिचे पाय सुजलेत, उठायला वेळ लागतो. म्हटलं, बरं बाई.

हळूच हाकली होती मी आज. खरंच.

सोमवार, ता. ५ फेब्रुवारी

आज एक विचित्र गोष्ट झाली. चाळ मागं पडली आणि लगेच दादर आलं. मधली वीटभट्टी कुठं गेली? परतताना डोळे फाडून बघत आलो. भट्टी नाही. पाडली म्हणावं तर राख हवी, फुटक्या विटा हव्यात, निदान मोकळी जागा तरी हवी. जागाच नाही. दादरची पहिली माडाची वाडी थेट चाळीच्या कुंपणाला टेकली आहे, जणू पहिल्यापासून तिथंच होती.

अण्णासाहेबांना विचारलं. कसली भट्टी? त्यांनी कधी पाहिलीच नव्हती म्हणाले. खरं आहे, ते कधी मान वर करतात? मग अड्ड्यावर दौलतला विचारलं. तो म्हणाला, आहे की, जुन्या वाटेवरून धूर दिसतो रोज, आज सकाळीच दिसला.

ऊन लागलं असेल मला. मुंबईचं ऊन वेगळं.

सोमवार, ता. १२ फेब्रुवारी

चिंच गेली.

झाड गेलं म्हणजे तोडलं नव्हे. चिंचपोकळीचा फाटा सोडला आणि समोर हौद. मधला सडकेचा तुकडा कुणीतरी कात्रीनं कापून दोन टोकं शिवून टाकावीत तसं. सुरंगी मात्र मजेत.

घरी आलो तर ताटात बांगडे. गंगुबाई मागच्या वाटेनं येऊन देऊन गेली, तुळसा म्हणाली. म्हणजे गंगुबाई आहे! मी विचारलं, ती बसते कुठं आता? तुळसा म्हणाली, चिंचेखालीच, आणि तुमच्याबद्दल तक्रार करत होती. रोज तुम्ही भरधाव जाता, ती हात वर करते, तुम्ही ढुंकून बघत नाही. आणि एक गंमत सांगत होती म्हणे. तुमची बग्गी गेली की तिची बसायची जागा कमी होते. आधी सावलीत दहा बायका बसायच्या, आता तिची एकटीची टोपली जेमतेम मावते. तुळसाला ते हसू येण्यासारखं वाटलं. मी ताट बाजूला सारलं.

शुक्रवार, ता. १६ फेब्रुवारी

गंगुबाई येत नाही आता. मागच्या वाटेनंही नाही. शेजारच्या रमाबाईनं दुसरी कोळीण धरली. मी दोन-तीन जणांना विचारलं, गंगुबाई कुठं आहे? आली नाही बुवा, एवढंच. माणूस दिसेनासं झालं तर इथं कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

मी विचारलं, कारण तिच्यासमोरून मी गेलो होतो. रोज दोन वेळा.

मंगळवार, ता. २० फेब्रुवारी

आज हौदही नाही. चिंचपोकळीचा फाटा, की चाळ, की दादर. एवढंच उरलं. अण्णासाहेब आज चष्मा काढेपर्यंत पोचलो. वर्तमानपत्राची घडी तशीच.

परतल्यावर हात जोडून म्हटलं, साहेब, उद्यापासून जुन्या वाटेनं जाऊ. कारण काय सांगणार? म्हटलं, घोडीच्या खुरांना खडी बाधते. त्यांनी चारी खूर उचलून पाहिले, डॉक्टरच ते. मग शांतपणे म्हणाले की जुन्या वाटेनंच जायचं असतं तर दौलत काय वाईट होता. दुसरी नोकरी बघायची असेल तर आत्ताच सांग.

तुळसाला आठवा लागलाय. ह्या दिवसांत नोकरी सोडून तिला घेऊन कुठं जाऊ? पण सडकेवर आता आमची चाळच तेवढी शिल्लक आहे. मी रोज तिच्यासमोरून जाणार आहे. आई भराडी देवी, मला बुद्धी दे.

शुक्रवार, ता. २३ फेब्रुवारी

सुचलं! इतका साधा उपाय, आणि मी बावळट रात्ररात्र तळमळत होतो. वळणाचा घास. सडकेला वळण नाही म्हणून कुणी घास टाकत नाही, म्हणून ती भुकेली आहे आणि जे दिसेल ते खाते. आज चाळीसमोर बग्गी थांबवली. अण्णासाहेबांना म्हटलं, घोडीचा साज तपासतो. तोबऱ्यातली चांगली ओंजळभर चंदी काढली आणि आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली, अगदी घरासमोर टाकली. डोळे मिटून म्हटलं, बाबा, हे घे, आणि हे घर सोड.

वर बघितलं तर तुळसा उभी. थांबलो म्हणून किती खूष झाली! आज तिनं चक्क हात हलवला.

आज बरं वाटतंय. पोटभर जेवीन.

त्याच दिवशी, दिवेलागण

पोटभर कसला जेवतोय. तुळसाला मोठ्या ऐटीत सांगितलं घासाचं. तिच्या हातातली पळी खाली पडली.

ती म्हणाली, "घरासमोर टाकल्यात? ओ, मान देतत तो वेशीर. जंय देतत थंय वेस होता. आता आपला घर वेशीभायर गेला."

मी म्हटलं, ही मुंबई आहे, इथं कसली वेस. पण बरोबर आहे तिचं, मान जिथं देतात तिथंच वेस होते. आमच्या गावी राखणदाराचा नारळ गावाच्या हद्दीवर फोडतात, कधी कुणाच्या दारात नाही. आतलं आमचं, बाहेरचं तुझं, असं सांगणंच असतं ते. मी लहानपणापासून बघत आलोय. आणि भीतीच्या भरात मीच आमचं दार दाखवून म्हटलं, हे घे.

खाली उतरून चंदी वेचून आणायला गेलो. एक दाणा नव्हता. चिमण्यांनी खाल्ली असेल. चिमण्याच असतात दिवसभर तिथं.

तिनं माझा हात पोटावर ठेवून शपथ घ्यायला लावली, त्या सडकेनं पुन्हा जायचं नाही. घेतली.

सोमवार, ता. २६ फेब्रुवारी

गेलो. अण्णासाहेब गाडीत बसले आणि छडीनं सरळ रस्ता दाखवला. मी काय करणार होतो?

घंटा दिली. दिली तेव्हा फाट्यावर होतो. वाजायची थांबली तेव्हा दादर. मधे चाळ नव्हती.

दवाखान्याच्या फाटकात अण्णासाहेब उतरले. बग्गी तशीच टाकून जुन्या वाटेनं धावत सुटलो. वळणं, वळणं, किती ती वळणं, तळं, देऊळ, वाडी. आणि मग आमची चाळ, मागचा जिना, वरती तुळसा तांदूळ निवडत बसलेली. आहे. आहे ती. मी उंबऱ्यातच बसून रडलो. तिनं पाणी दिलं.

एवढंच म्हणाली की गॅलरी लहान झाल्यासारखी वाटते. पाट ठेवला तर उभं राहायला जागा नाही.

मंगळवार, ता. २७ फेब्रुवारी

नोकरी सोडतो असं अण्णासाहेबांना सांगितलं. माणूस वाईट नाही, महिना पुरा कर म्हणाले. उद्याचा एकच दिवस. आज ते दादरला जाणार नव्हते, वाचलो. उद्याही त्यांना गिरगावातच काम आहे. परवा तुळसाला घेऊन बोटीत बसतो. भावजयीचं तोंड तिखट तर तिखट.

एकच दिवस काढायचा आहे.

बुधवार, ता. २८ फेब्रुवारी

पेन्सिलीनं लिहितोय. चिंचपोकळीच्या फाट्यावर बसलोय. सुरंगी खाली बसली आहे, उठत नाही. तिचा दम शांत होईपर्यंत लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी रमाबाईचा मुलगा शिवा धापा टाकत गिरगावात आला. तुळसाला कळा लागल्या. आठव्या महिन्यात. तांबडं फार जातंय म्हणाला. अण्णासाहेब रोग्याकडे आत होते, त्यांनी आतूनच सांगितलं, बग्गी घे आणि पुढे हो, मी हत्यारं घेऊन मागाहून येतो. भला माणूस.

मी फाट्याला जुन्या वाटेकडेच वळलो होतो. देवाशपथ. पहिल्याच वळणावर कापसाच्या गाड्या अडकलेल्या. एकीचा आस मोडला, गठ्ठे आडवे, बैल आडवे, गाडीवान शिव्या देतायत. पुढे नाही, मागे नाही. तांबडं फार जातंय. मला तेवढंच ऐकू येत होतं. बग्गी कशीबशी फिरवली आणि सडकेवर घातली. म्हटलं एकदाच. वेगानं गेलो तर सडकेच्या तावडीतून निसटेन. तिच्यापाशी पोचायचं, बस.

दादर.

फिरवली. फाटा. फिरवली. दादर. प्रत्येक खेपेला वाटायचं, आत्ता हळू गेलो म्हणून चुकलं, किंवा आत्ता जोरात गेलो म्हणून चुकलं. घंटा वाजवत होतो. चाबूक कधी मारला नव्हता सुरंगीला, आज मारला. उभा राहून हाकत होतो. आजूबाजूला बघितलंच नाही, फक्त पुढे. किती खेपा मारल्या आठवत नाही. पुष्कळ. मग ती बसली.

आता पायी जातो. गाड्यांच्या खालून रांगत जाईन.

बुधवार, दुपार

मुलगी झाली. दोघी आहेत. जिवंत आहेत.

रमाबाईनं सगळं केलं. तुळसा पांढरीफटक पडलीय पण हसली. पोर मुठीएवढी, आवाज मात्र माझ्यासारखा. मी कोपऱ्यात बसून लिहितोय, कारण नुसतं बसवत नाही. अण्णासाहेब येतीलच. संध्याकाळी काहीतरी गोड आणून सगळ्या चाळीला वाटीन. सगळं ठीक आहे.

घंटा ऐकू आली. अण्णासाहेब आले वाटतं. बघतो.

थोड्या वेळानं

अण्णासाहेब नव्हते. बग्गी आमचीच. सुरंगीच होती. सडकेवरून गेली, दादरकडे. बग्गीत कुणी नाही. पुढे बसून हाकणारा—

शिवाचा भाऊ असेल. किंवा कुणी चोर. घोडी फाट्यावर टाकून आलो होतो ना.

पण ती तिथं बसली होती. तिला उठता येत नव्हतं.

गॅलरी नाही. बग्गी गेली तेव्हा मी कठड्याला धरून उभा होतो. मागं सरकलो म्हणून. आता दाराच्या बाहेर थेट खाली सडक.

परत आली

ह्या खेपेला नीट पाहिलं. उभा राहून हाकत होता. माझा सदरा. माझं पागोटं सुटून खांद्यावर आलेलं. चाबूक. घंटा बडवतोय. तो मीच आहे. सकाळचा मी. ह्याच खेपा मारत होतो मी. इथूनच जात होतो, आणि मला काही दिसत नव्हतं.

पलीकडची खोली नाही. रमाबाई आत्ताच तिकडे गेली होती, पाणी आणायला. भिंत आहे, भिंतीपलीकडे माड. दादरचे.

तुळसाला सांगितलं नाही. डोळे मिटून पडली आहे.

मागच्या जिन्यानं दोघींना खाली न्यावं म्हणून दार उघडलं. जिना नाही. खाली सडक. मागंही सडकच.

पुन्हा

चूल गेली. मडकी गेली. खिडकीपासून खाटेपर्यंत आता दोन पावलं नाहीत.

ओरडलो. घसा फुटेस्तोवर ओरडलो. गुणाजी, गुणाजी. स्वतःचं नाव. त्यानं मान वळवली नाही. कशी वळवील? मला आठवतंय. मला दुसरं काही नकोच होतं बघायला. तुळसाकडे पोचायचं होतं.

किती खेपा मारल्या मी? पुष्कळ लिहिलंय वर. पुष्कळ म्हणजे किती रे देवा—

घंटेनं तुळसा जागी झाली. दाराकडे बघून हसली. मी तिच्या उशाशी बसलोय, तिचा हात माझ्या हातात आहे, आणि ती दाराकडे बघून म्हणाली,

"इलात?"

पुन्हा

भिंत नाही. खाट आणि आम्ही. सडक खाटेच्या पायाशी. खडीचा वास येतोय. पोर रडतेय, तिला पोटाशी धरलंय, तुळसाला पाठीशी घेतलंय. एका हातानं लिहितोय. का लिहितोय ठाऊक नाही. थांबलो तर—

येतोय. टापा. सुरंगीच्या तोंडाला फेस आलाय, आता बसेल ती, आता बसायलाच हवी, हीच शेवटची असेल—

वर बघ रे. एकदा. तू जिला शोधतोयस ती इथंच आहे, तुझ्या डाव्या हाताला, मुलगी झालीय तुला, जरा लगाम खेच, जरा—